‘लग्न झालंय का?’ : परिचर्या आणि वैद्यक शिकवणाऱ्यांना एका पेशंटचं खुलं पत्र

आदरणीय शिक्षकहो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर एका सिस्टरना लिहायचं होतं. सात वर्षांपूर्वीच्या एका रात्री त्या कॅज्युअल्टीत ड्युटीवर होत्या आणि मी स्ट्रेचरवर. पत्र तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं, कारण दर वेळी कागदावर रागच जास्त उतरायचा. मग कधीतरी लक्षात आलं, की माझ्यासारख्या पेशंटशी कसं बोलावं हे त्या सिस्टरना कुणी शिकवलंच नसेल. सलाईन लावणं, बीपी घेणं, इंजेक्शनचा डोस मोजणं हे सगळं त्यांच्याकडून घोटून घेतलं असेल. मी मात्र त्यांच्या कुठल्याच धड्यात नसेन. असलेच तर विकृतींच्या एखाद्या यादीत. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, जे उद्याच्या सिस्टर, ब्रदर आणि डॉक्टर घडवतात त्यांना.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. माझी जोडीदार स्त्री आहे. आम्ही सोळा वर्षं एकत्र राहतो.

त्या रात्री पोटात उजवीकडे, खाली, असं काही पिळवटत होतं की घेतलेला श्वास अर्ध्यावर अडकायचा. संध्याकाळपासून मी ते अंगावर काढत होते. शेवटी तिने मला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात आणलं. स्ट्रेचर आत नेताना माझ्या चपला तिच्या हातात राहिल्या. सिस्टर आल्या त्या अगदी मायेने. कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, ‘घाबरू नका हं ताई, आत्ता बघतात डॉक्टर.’ बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, ‘लग्न झालंय का?’

‘नाही.’

‘मग तसं काही नाही ना?’

‘तसं’ म्हणजे काय ते मला कळलं. पोटात दुखतंय, डॉक्टरांना सगळं खरं सांगावं, एवढं एकच डोक्यात होतं. मी म्हटलं, ‘माझी जोडीदार बाई आहे. बाहेर उभी आहे ना, तीच.’

पट्टा अर्धवट गुंडाळलेला तसाच राहिला. सिस्टर पडद्यापलीकडे गेल्या. दोन आवाज ऐकू आले, मग दबलेलं हसू. परत आल्या तेव्हा त्यांनी एकावर एक असे दोन हातमोजे चढवले होते. शेजारच्या खाटेवरच्या आजींचं रक्त त्यांनी थोड्या वेळापूर्वी उघड्या हातांनी काढलेलं मी पाहिलं होतं. आता त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘हात सरळ कर.’ ताई गेलं, तुम्ही गेलं. सुई टोचताना, स्वतःशीच बोलावं तसं, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, ‘असलं वागल्यावर पोटात दुखणारच.’

मारहाण झाली नाही, हाकलून दिलं नाही, उपचार नाकारले नाहीत. कुठे तक्रार करायची म्हटलं तर लिहायला काय होतं? सर्वनाम बदललं, असं लिहायचं? हातमोजे दोन होते, असं? पण मराठी बोलणाऱ्या कुणालाही मी सांगितलं की एका वाक्यात माझं ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, तर काय झालं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या उजव्या अंडाशयावर गाठ होती आणि ती देठासकट पिळली गेली होती. अशा पिळात रक्तपुरवठा बंद पडतो, म्हणून वेळ महत्त्वाचा असतो, हे तुम्ही मला शिकवाल. पहाटे ऑपरेशन झालं. अंडाशय वाचलं नाही. ते कुठल्या तासांमुळे गेलं, मी घरी सोसत बसले त्या की पडद्याआड गेलेल्या, ते मला कधीच कळणार नाही, आणि तो दोष मी सिस्टरांच्या पदरात टाकत नाही. रात्रपाळी, एकट्या माणसावर पस्तीस-चाळीस पेशंट, वरून नातेवाइकांची आरडाओरड, हे सगळं मी त्या वॉर्डात आठवडाभर पडून पाहिलं. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदर आहे. मला बोलायचंय ते वेगळ्या नुकसानीबद्दल.

त्या रात्री मी दवाखान्यात खोटं बोलायला शिकले.

पुढची चार वर्षं मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. ताप आला, गोळी घेतली. पाठ धरली, शेक घेतला. मग पाळी नसताना मध्येच रक्त जायला लागलं. आठ महिने मी तेही लपवलं, घरीसुद्धा. शेवटी ती रडली, तेव्हा गेले. दुसरा दवाखाना, दुसरे डॉक्टर, प्रश्न मात्र तोच. ‘लग्न झालंय का?’ नाही. ‘संबंध वगैरे?’ मी म्हटलं, नाही. कधीच नाही. डॉक्टरांनी मान डोलावली आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज नाही असं सांगून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी मला दिलेलं उत्तर माझ्याच खोट्यावर उभं होतं. त्यांची चूक म्हणू की माझी?

आणखी काही महिन्यांनी तिसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘आता काही खासगी प्रश्न विचारते. हे मी सगळ्यांनाच विचारते, म्हणजे तपासणी कुठली करायची ते नीट ठरवता येतं. शरीरसंबंध आहेत का? पुरुषाशी, स्त्रीशी, की दोघांशी?’ तिन्ही शब्द एकाच पट्टीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आमच्यासारखे लोक फार सराईतपणे चेहरे वाचतात. भुवई किती वर गेली, ओठ कुठे घट्ट झाले, हात किती मागे सरकला, हे आम्हाला अंधारातही दिसतं. तो चेहरा हलला नाही. मी म्हटलं, ‘स्त्रीशी.’ त्या म्हणाल्या, ‘बरं,’ आणि लिहून घेतलं.

तपासणीत कॅन्सरच्या आधीच्या पायरीवरच्या पेशी सापडल्या. छोटी शस्त्रक्रिया करून तेवढा भाग काढला. आज मी ठीक आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू त्वचेला त्वचा लागून जातो, त्याला पुरुषच लागतो असं नाही. त्याच्या संसर्गापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात, आणि मधल्या काळात गाठलं तर तो थांबवता येतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली गर्भाशयमुखाचा कॅन्सर हटवण्याचं धोरण जाहीर केलं. २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा तपासणी व्हावी, असं त्यात म्हटलं आहे. त्या ७० टक्क्यांत मीही आहे. पण ‘संबंध नाहीत’ असं बोलून मी स्वतःचं नाव त्यातून खोडून टाकलं होतं, कारण मला पुन्हा ते दोन हातमोजे बघायचे नव्हते.

आता त्या प्रश्नाबद्दल थोडं अधिक बोलू द्या, कारण तो तुमच्या हातातला आहे.

पोटदुखी घेऊन आलेल्या बाईला गर्भ राहण्याची शक्यता विचारलीच पाहिजे. गर्भ नळीत अडकला असेल आणि नळी फुटली तर ती बाई काही तासांत जाऊ शकते. त्यामुळे प्रश्नामागचं कारण शंभर टक्के बरोबर आहे. पण आपण मराठीत तो प्रश्न विचारतच नाही. त्याच्या जागी ‘लग्न झालंय का?’ विचारतो आणि उत्तरावरून बाकी सगळं गृहीत धरतो. लाज झाकायला निघालेला हा प्रश्न माझ्यासारख्यांनाच फसवतो असं मुळीच नाही. एकोणीस वर्षांची मुलगी आईसमोर ‘नाही’ म्हणते आणि तिची नळी फुटायच्या बेतात असते. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई काय सांगावं या विचारात गप्प बसते. विधवा बाईला तर कुणी विचारतच नाही. आणि लग्न झालेला एखादा पुरुष, ज्याचे चोरून पुरुषांशी संबंध आहेत, तो बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो. डॉक्टर समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळतात. संसर्ग त्याच्या बायकोपर्यंत पोहोचलेला असतो. एचआयव्हीच्या संपर्कानंतर ७२ तासांच्या आत औषधं सुरू केली तर संसर्ग टाळता येतो, हे त्या माणसाला सांगायची वेळ त्या एका ‘हो’मध्ये निघून जाते.

लग्न ही सामाजिक नोंद आहे. तिच्यावरून कुणाचं शरीर कळत नाही.

‘सगळ्यांनाच विचारते’ या दोन शब्दांनी मला जे दिलं त्याचा मी पुष्कळ विचार केला, आणि पुन्हा त्या हातमोज्यांपाशी येऊन थांबले. तुम्ही वर्गात शिकवता तो नियम मी नंतर वाचला. १९८० च्या दशकात एचआयव्हीची भीती शिगेला असताना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी एक तत्त्व पुढे आलं आणि १९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याच्या तपशीलवार शिफारशी दिल्या: रक्त कुणाचंही असो, त्यात संसर्ग असू शकतो असं धरूनच वागायचं. म्हणजे मोजे आजींसाठीही आणि माझ्यासाठीही. ज्यांनी तो नियम केला त्यांना पक्कं माहीत होतं, की चेहरा बघून, वागणं बघून, कुणाची कुजबुज ऐकून धोका ओळखायला गेलं तर कर्मचारीच आधी फसेल. आजींच्या रक्ताला उघडा हात लावणाऱ्या त्या सिस्टरना धोका होता. माझ्यासाठी चढवलेल्या दुसऱ्या मोज्याने त्यांचं आणखी कसलं संरक्षण झालं? तुम्ही शिकवलेली सावधगिरी त्या रात्री किळस दाखवायचं साधन झाली.

सगळ्यांसाठी तोच मोजा असतो, तसा सगळ्यांसाठी तोच प्रश्न असू द्या. माझं मागणं यापेक्षा फारसं मोठं नाही.

कुणी म्हणेल, आम्हाला हे पटत नाही, आमच्या मनाला, श्रद्धेला पटत नाही. मन तुमचं आहे, त्यावर माझा हक्क नाही. पण जगभरचे डॉक्टर जी जिनिव्हा प्रतिज्ञा मानतात तिच्यात वय, आजार, वंश, लिंग, राष्ट्रीयत्व यांच्या रांगेत लैंगिक कलही स्पष्ट लिहिलेला आहे: यांपैकी काहीही माझं कर्तव्य आणि माझा पेशंट यांच्या मध्ये येऊ देणार नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या २०१२ च्या आचारसंहितेतही तो शब्द आहे. प्रतिज्ञा पदवीच्या दिवशी म्हटली जाते. तिचा अर्थ मात्र कॅज्युअल्टीत, बीपीचा पट्टा हातात असताना लागतो. त्या क्षणाची तालीम कोण करून घेतं?

आणि तुमच्या शास्त्राने ही वाट फार कष्टाने कापली आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगा. १९७२ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या अधिवेशनात एक डॉक्टर व्यासपीठावर आला तो तोंडावर रबरी मुखवटा आणि अंगात ढगळ कोट घालून. आवाज ओळखू येऊ नये म्हणून तो बदलणाऱ्या माइकवरून बोलला. आपण मनोविकारतज्ज्ञ आहोत आणि समलिंगी आहोत, एवढं आपल्याच व्यवसायबंधूंना सांगायला त्याला चेहरा झाकावा लागला. कार्यक्रमात त्याचं नाव होतं डॉ. एच. अ‍ॅनॉनिमस. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९७३ मध्ये, संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेला त्यासाठी १७ मे १९९० उजाडावा लागला. मुखवट्यामागे आपण होतो हे डॉ. जॉन फ्रायर यांनी जाहीरपणे सांगितलं ते १९९४ साली, बावीस वर्षांनी. ही गोष्ट वाचताना मी फ्रायर यांच्या जागी तुमच्या वर्गातला एखादा विद्यार्थी बघते. तिसऱ्या बाकावर, मान खाली घालून बसलेला. तुम्ही शिकवता शिकवता एखादा विनोद करता आणि वर्ग हसतो, तेव्हा तोही हसतो. त्याच्याकडे लक्ष असू द्या.

ट्रान्स व्यक्तींवर, म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची स्वतःची ओळख वेगळी आहे त्यांच्यावर, जे ओढवतं त्यापुढे माझं दुःख लहान आहे. मला गप्प राहून निसटता येतं, त्यांना अंगावरचा कपडा बाजूला झाला की निसटता येत नाही. १९९५ साली वॉशिंग्टनमध्ये टायरा हंटर नावाची चोवीस वर्षांची तरुणी मोटार अपघातात जखमी झाली. उपचार करायला आलेल्या कर्मचाऱ्याने तिचे कपडे कापले, ती ट्रान्स असल्याचं दिसलं, आणि त्याने हात थांबवला, वर टिंगल केली. ती वाचली नाही. १९९८ साली ज्यूरीने तिच्या आईच्या बाजूने निकाल दिला. रॉबर्ट ईड्स या ट्रान्स पुरुषाला अंडाशयाचा कॅन्सर झाला. डझनभराहून अधिक डॉक्टरांनी त्याला पेशंट म्हणून घ्यायला नकार दिला. बायकांच्या दवाखान्यात दाढीवाला माणूस बसलेला बाकीच्या पेशंटना चालणार नाही, अशी ती भीती होती. १९९९ च्या जानेवारीत तो गेला. ज्याला अंडाशय आहे त्याला अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतो, ज्या ट्रान्स स्त्रीला प्रोस्टेट आहे तिला प्रोस्टेटचा आजार होऊ शकतो. यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला खरोखर समजत नाही. उलट टोकही आहेच: हात मोडून आलेल्या ट्रान्स पेशंटला प्लास्टर घालायचं सोडून हार्मोन कधीपासून घेता, घरच्यांना माहीत आहे का, ऑपरेशन झालंय का, असं विचारत बसतात. सगळ्यांनाच विचारायचे ते प्रश्न वेगळे, आणि आपलं कुतूहल भागवायचे वेगळे. हा फरक विद्यार्थ्यांना आपोआप कळत नाही. तो शिकवावा लागतो.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती लिहिताना अजून हात थांबतो.

ऑपरेशनच्या संमतीची सही मी स्वतःच केली. मी शुद्धीवर होते, प्रौढ होते. पण पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, ‘नातेवाईक कोण?’ ती उठून उभी राहिली. सिस्टर म्हणाल्या, ‘मैत्रीण आहे हो, नातेवाईक नाही.’ डॉक्टर आत निघून गेले. माझ्या भावाला फोन गेला. तो दुसऱ्या गावाहून दुपारी दोन वाजता पोहोचला, त्याला सगळं सांगितलं, आणि त्याने बाहेर येऊन तिला सांगितलं. नऊ वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला मी जिवंत आहे हे आठ तासांनी कळलं. तोवर ती माझ्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसून होती. पहिल्या दहा मिनिटांत कुणी मला एवढंच विचारलं असतं, ‘तुमच्याबद्दल कुणाला सांगायचं?’, तर मी तिचं नाव दिलं असतं. हा प्रश्नही सगळ्यांनाच विचारता येतो. म्हाताऱ्या पेशंटला, एकट्या राहणाऱ्याला, घरच्यांशी न पटणाऱ्याला. प्रत्येकाचं ‘आपलं माणूस’ कोण, हे त्यालाच ठाऊक असतं.

मी नाव न घालता लिहिते आहे. माझी आई आजही त्याच दवाखान्यात दाखवायला जाते, आणि माझी जोडीदार शाळेत शिकवते. पत्राला नाव नाही म्हणून ते हलकं धरू नका.

हिस्टरी घ्यायला, म्हणजे पेशंटला विचारून त्याची माहिती काढायला शिकवताना तुम्ही एका विद्यार्थ्याला पेशंट करून खुर्चीत बसवता, दुसरा प्रश्न विचारतो आणि बाकीचे बघतात, असं मी ऐकलं आहे. पुढच्या तुकडीला त्या खुर्चीत मला बसवा. तुम्ही बोलवाल तिथे मी येईन, आणि माझी जोडीदारही यायला तयार आहे. विद्यार्थ्यांना अडखळू द्या, लाजू द्या, चुकीचा शब्द वापरू द्या, मी पुन्हा विचारायला सांगेन. ‘शरीरसंबंध आहेत का? पुरुषाशी, स्त्रीशी, की दोघांशी?’ हे वाक्य चेहरा न हलता, आवाज न बदलता म्हणता येईपर्यंत त्यांनी ते मला विचारावं. दहादा विचारलं तरी मी दहादा खरं उत्तर देईन.

आपली,
एक पेशंट